दर्शनानंतरची दिंडी

मराठवाड्यात कुणी पिणं बंद केलं तर ‘त्यानं माळ घातली’ असं लोक बरेचदा सांगतात, आणि ऐकणाऱ्याला पुढचं काही विचारावं लागत नाही. तुळशीची माळ एखाद्या महाराजांच्या हातून, चार लोकांच्या देखत गळ्यात पडते आणि तिच्याबरोबर नेम येतात: दारू-मटण बंद, एकादशीचा उपवास, रोजचा हरिपाठ, पंढरीची वारी. हिंगोली जिल्ह्यात कयाधूच्या काठावरचं नरसी हे परंपरेनं संत नामदेवांचं जन्मगाव. काही अभ्यासक जन्म पंढरपुरातला धरतात आणि नरसीला घराण्याचं मूळ गाव म्हणतात, पण गावाच्या नावातच नामदेव जोडले गेल्यावर तो वाद तिथं कुणी फारसा काढत नाही. या मुलखात माळेचं हे दुसरं, दारू सोडवण्याचं काम इतकं अंगवळणी पडलंय की त्याचा कुणी निराळा विचार करत नाही. विचार करायला बसलं की दोन उत्तरं तयार असतात. गावातलं उत्तर असं, की पांडुरंगाची कृपा झाली. शहरातल्या शिकल्यासवरल्या माणसाचं उत्तर असं, की निश्चय त्याचा होता, माळ नुसती निमित्ताला. मला ही दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात, आणि गंमत म्हणजे दोन्ही एकाच बाजूनं अपुरी आहेत. दोन्हींत माणूस एकटा आहे. एकात तो आणि देव, दुसऱ्यात तो आणि त्याचं मन. माळ घालणारा माणूस मात्र त्या दिवसापासून एकटा राहत नाही, आणि माझ्या मते दारू सुटण्याचं बरंचसं मर्म तिथं आहे.

नामदेवांविषयी एक कथा अशी सांगतात, की ते आधी वाटमारी करत. औंढा नागनाथच्या देवळात भुकेलं लेकरू घेऊन बसलेली एक विधवा त्यांना दिसली, तिचा नवरा आपल्याच हातून मारला गेल्याचं कळलं आणि तिथल्या तिथं त्यांचं मन पालटलं. ही हकिकत याच नामदेवांची की नंतरच्या एखाद्या नामधारी कवीची, यावर वाद आहे आणि अनेक अभ्यासक ती मानत नाहीत. व्यसनमुक्तीच्या भाषणांना अशा कथा फार आवडतात. वाल्याचा वाल्मीकी तर ठरलेलाच. व्यसनाच्या बाबतीत त्या फसव्या आहेत, कारण त्यांत सगळं एका क्षणात घडतं. दारू सोडल्याचा क्षण प्रत्येक पिणाऱ्याच्या आयुष्यात दहा-वीस वेळा येऊन गेलेला असतो. बायकोच्या डोक्यावर हात ठेवून, पोराची शपथ घेऊन, डोळ्यांत खरं पाणी आणून त्यानं ती सोडलेली असते. अडचण पुढच्या मंगळवारी येते.

नामदेवांची दुसरी कथा इथं जास्त कामाची आहे. गोरोबाकाकांच्या घरी संत जमले असताना मुक्ताबाईंनी विचारलं की यातली पक्की मडकी किती आणि कच्ची किती. गोरोबांनी थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. बाकीचे गप्प बसले, नामदेव रागावले, आणि हे मडकं कच्चं असा निकाल लागला. नामदेव म्हणजे ज्यांच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानं खाल्ला ते, देवाशी रोज बोलणारे. त्यांनी पंढरीला जाऊन तक्रार केली, तर विठ्ठलानंच त्यांना आताच्या हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे धाडलं. ही कथा इतिहास म्हणून तपासण्यात अर्थ नाही. परंपरेला त्यातून काय सांगायचं होतं ते महत्त्वाचं. देवाशी कितीही जवळीक असो, ती खासगी असेल तर माणूस कच्चाच राहतो. डोक्यात थापटणं मारणारं कुणीतरी लागतं आणि ते मारून घेण्याइतकी नमती मान लागते. पंढरपुरात महाद्वारापाशी नामदेव पायरी झाले ते या कथेनंतरचे नामदेव आहेत, असं मी समजतो.

आता इथून सातासमुद्रापलीकडची एक हकिकत पाहू. डिसेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दवाखान्यात बिल विल्सन नावाच्या, शेअर बाजारातून उठलेल्या दारुड्याला खोलीभर प्रकाश दिसला आणि ईश्वर जवळ असल्याचा अनुभव आला. त्यानंतर तो कधीच प्यायला नाही. गोष्ट इथं थांबली असती तर ती वाल्याचीच गोष्ट झाली असती. पण पाच महिन्यांनी, मे १९३५ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी त्याचा धंद्यातला व्यवहार फसला, आणि हॉटेलात तो एकटा उभा होता, एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. प्रकाश बिकाश आठवून भागेना. त्यानं गावातल्या धर्मगुरूंना फोन लावले आणि बोलायला एखादा दारुडा गाठून द्या म्हणाला. जो भेटला तो डॉ. रॉबर्ट स्मिथ, शल्यचिकित्सक. हा माणूस अडीच वर्षं एका प्रार्थनामंडळात नेमानं जात होता आणि तितक्याच नेमानं पीत होता. त्याला कसलाही साक्षात्कार झाला नाही. आपल्यासारखाच एक माणूस समोर बसून आपली फजिती सांगतोय, एवढंच त्याला नवीन होतं. १० जून १९३५ रोजी तो शेवटचं प्यायला, आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा, जन्मदिवस मानतात. ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये देव आहे, पण ‘ज्याला जसा उमगेल तसा’. त्याच पायऱ्यांमध्ये आपल्या चुकांचा हिशेब दुसऱ्या माणसापुढे मांडणं आहे, दुखावलेल्यांची भरपाई आहे, आणि शेवटी दुसऱ्या पिणाऱ्याला हात देणं आहे. बारापैकी बरीचशी कामं एकट्यानं करताच येत नाहीत.

ए.ए.वर पुष्कळ वर्षं असा आक्षेप होता, की तिथं जे टिकतात तेच दिसतात, गळालेले मोजले जात नाहीत. आक्षेप रास्त होता. कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेनं २०२० मध्ये २७ अभ्यास आणि त्यांतले १०,५६५ रुग्ण एकत्र धरून परीक्षण प्रसिद्ध केलं. त्यात चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्याही होत्या, म्हणजे मुळात कोणाची इच्छा जास्त हा प्रश्न बराचसा बाजूला पडला. पद्धतशीरपणे ए.ए.कडे वळवलेल्या रुग्णांपैकी वर्षाच्या शेवटी सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते. वर्तनोपचारासारखे इतर उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३५ टक्के होतं. फरक लहान आहे, पण ही मंडळं फुकट चालतात हे लक्षात घेतलं की तो लहान राहत नाही. मग हा फरक पडतो कशानं? हार्वर्डचे जॉन केली आणि सहकाऱ्यांनी १,७२६ रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीची माहिती उलगडून पाहिली. सर्वांत मोठा वाटा संगत बदलण्याचा निघाला: पिणारे सोबती कमी होणं, न पिणारे वाढणं, चारचौघांत नको म्हणण्याची हिंमत येणं. अध्यात्माचा वेगळा वाटा दिसला तो ज्यांचं व्यसन फार खोल गेलं होतं त्यांच्यात. याच्या जोडीला विल्यम मिलर यांच्या २००८ च्या दोन चाचण्या ठेवाव्यात. त्यांनी उपचार घेणाऱ्यांना निराळं, समोरासमोरचं आध्यात्मिक मार्गदर्शन देऊन पाहिलं. पिणं त्यानं काही जास्त कमी झालं नाही, आणि अध्यात्मही वाढलं नाही. अध्यात्म औषधाच्या गोळीसारखं एकेकाला चारता येत नाही, मंडळात मात्र ते लागू पडतं, असा या दोन्हींचा मेळ मी लावतो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज व्हॅलंट यांनी शेकडो माणसांची आयुष्यं दशकानुदशकं नोंदवून १९८३ मध्ये दारूच्या नैसर्गिक इतिहासावर पुस्तक लिहिलं. वर्षानुवर्षं दारूपासून दूर राहिलेल्यांच्या आयुष्यात त्यांना चार गोष्टी वारंवार दिसल्या: दारूच्या जागी बसणारी दुसरी सवय, सतत आठवण देणारा बाहेरचा वचक, ज्यांना आपण पूर्वी दुखावलेलं नाही अशा माणसांशी नवं नातं, आणि आशा देणारा एखादा समूह किंवा श्रद्धा. व्हॅलंट यांना वारकरी संप्रदाय ठाऊक असण्याचं कारण नाही, पण ही यादी घेऊन एखाद्या सप्ताहाच्या मांडवात जाऊन बसावं. पहाटे चारला काकडा, सकाळी ज्ञानेश्वरी पारायण, दुपारी गाथा भजन, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यापुढे जागर. पिणाऱ्या माणसाला दिवस कापता येतो, जड जाते ती सांज. रोजंदारी हातात पडलेली असते, सोबती पारावर जमलेले असतात, पाय आपसूक वळतात. नेमक्या त्याच वेळी देवळात टाळ वाजायला लागतो. हरिपाठ अर्धा-पाऊण तास चालतो. तलप उसळून शिगेला जाऊन ओसरायलाही साधारण असाच काळ लागतो. हे कुणी ठरवून जुळवलेलं नसेल, पण जुळलंय. टाळकऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात, पावली चुकली तर शेजारच्याला कळतं, आणि तो आज आला नाही तर उद्या सकाळी विणेकरी विचारतो. गळ्यातली माळ हा वचक असा, की तो घरात, शेतात, एस.टी.त सगळीकडे सोबत असतो. माळकऱ्याला भट्टीवाला स्वतःच ‘माऊली, इकडं कुठं’ म्हणू शकतो. दिंडीतल्या नात्याची तर तऱ्हाच वेगळी. तिथं लहान-थोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात. ज्याच्या तोंडावर गावानं पाच वर्षं दार लावलं, त्याच्या पायाला कुणीतरी हात लावतो, ही गोष्ट कुठल्याही समुपदेशनात मिळत नाही.

नुसत्या नियमावर हे काम होत नाही याचा दाखला नामदेवांच्याच वाटेवर सापडतो. नरसीहून निघालेली ही वाट पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानपर्यंत जाते; २०१५ चं मराठी साहित्य संमेलन तिथं भरलं तेव्हा पुष्कळांना हे गाव कळलं. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत आणि नरसीला शीख भाविक श्रद्धेनं येतात. शीख आचारसंहितेत नशेला स्पष्ट बंदी आहे. तरीही पंजाबातल्या गावांना हेरॉइन आणि अफूनं केवढं छळलंय हे सगळ्यांना माहीत आहे. ग्रंथातली बंदी माणसापर्यंत रोज चालत यावी लागते. आपल्याकडे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची एक आहे, पंचशीलातही ती आहे. जिथं विहारात रोजची वंदना आणि माणसांचं येणं-जाणं टिकलं तिथं तिचा जोर वेगळा, जिथं ती वर्षातून एकदा म्हणायची राहिली तिथं वेगळा. बुद्धाच्या परंपरेतून आलेल्या सजगतेच्या सरावाला प्रयोगाचाही आधार मिळाला आहे. २८६ जणांवरच्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर अशा सरावाचा गट नेहमीच्या उपचारांच्या गटापेक्षा सरस ठरला. तो सरावही आठवड्याला गटात बसूनच शिकवला होता.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा: एक नशा गेली, दुसरी आली. टाळ-मृदंगाची झिंग असते हे खरं आहे, आणि दारूच्या जागी काहीतरी बसावं लागतं हे व्हॅलंटही सांगतात. पण सवय आणि व्यसन यांत फरक करायची कसोटी सोपी आहे. हरिपाठानं यकृत सुजत नाही, पगार उडत नाही, आणि रोजचा पुरेनासा होऊन दुप्पट लागत नाही. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे: ज्याची सोडायची तयारी झाली तोच माळ घालतो, मग श्रेय माळेला का? चिठ्ठ्या टाकून माळा घालता येणार नाहीत, म्हणून ए.ए.च्या चाचण्यांवरून माळेविषयी मी जे म्हणतो ते अनुमानच आहे. ते सोडूनही एक मुद्दा उरतो. तयारी ही एकदा होऊन कायम राहणारी वस्तू नव्हे; ती सकाळी असते आणि सांजेला नसते. सकाळच्या तयारीनं सांजेला बांधून ठेवायची सोय माळेत आहे, एवढं श्रेय तिला द्यायला हरकत नसावी. तिसरा आक्षेप नास्तिकांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे: देवाशिवायही दारू सुटते. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम उभं करणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात ‘परिवर्तन’ ही व्यसनमुक्तीची संस्था काढली, हे उत्तर पुरेसं आहे. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगणचा जीवही रुग्णमित्रांच्या समूहात आणि पुढच्या पाठपुराव्यात आहे. अमेरिकेतल्या अभ्यासांत देव न मानणारे ए.ए.कडे कमी वळतात, पण जे वळून टिकतात त्यांना फायदा इतरांइतकाच होतो, असं आढळलं आहे. माझा मुद्दा यानं खचत नाही, उलट घट्ट होतो. बायकोनं अन्नात गुपचूप कालवायची पुडी विकणारे बुवा मात्र या चर्चेत बसत नाहीत. अशा पुडीत डायसल्फिरामसारखं औषध असेल आणि नवऱ्यानं वर दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं.

माळ जिथं थिटी पडते ती जागा आधी शरीरातली आहे. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोल म्हणून कायम चेतलेला राहतो. दारू एकदम थांबली की ती चेतना मोकाट सुटते. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना झटके येतात. दोन-तीन दिवसांनी काहींना भास होतात, दिवस-रात्र कळेनासं होतं, ताप चढतो. गावात याला ‘बाहेरचं’ लागलं म्हणतात, किंवा नेम मोडल्याची शिक्षा. हा डेलिरियम आहे, उपचार न झाल्यास त्यात माणूस दगावतो, आणि त्यावर बेंझोडायझेपाइन गटातली औषधं आणि थायमिन ही साधी, स्वस्त सोय आहे. म्हणून ‘आज माळ, आजपासून थेंब नाही’ हा कितीही सुंदर संकल्प असला तरी काहींच्या बाबतीत तो धोक्याचा आहे. माळ घालणाऱ्या महाराजांनी दोन प्रश्न विचारायला हवेत: रोज किती घेतोस, आणि सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात का? दुसऱ्याचं उत्तर हो असेल तर आधी हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय आणि आठवड्यानं माळ. सरकारच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळतात. बाकीच्या सदतीसांपर्यंत डॉक्टर पोचत नाही, पण कीर्तनकार पोचतो, तेव्हा हे दोन प्रश्न त्याच्या तोंडी बसणं ही लहान गोष्ट नाही. दुसरी थिटी जागा बाजारातली. गावाच्या वेशीवर दुकान उघडं असेल तर हरिपाठाला त्याच्याशी रोज झुंजावं लागतं. गडचिरोलीत १९९३ पासून जिल्हा दारूबंदी झाली ती लोकांच्या, विशेषतः बायकांच्या रेट्यानं; तिथंच काम करणारे डॉ. अभय बंग सांगत आले आहेत की मिळणंच कमी झालं तर पिणंही कमी होतं. जाता जाता हेही म्हणायला हवं, की माळेच्या नेमांत दारू आली आणि तंबाखू सुटली. टाळ खाली ठेवून चुन्याची डबी काढणारे माळकरी कमी नाहीत, आणि तोंडाचा कर्करोग माळ बघत नाही.

पण मला सर्वांत जास्त खटकते ती घसरणीनंतरची गोष्ट. व्यसन हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे. पहिल्या वर्षात घसरणारे पुष्कळ असतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट यांनी दाखवलं की एक घोट आणि पूर्ण पडझड यांच्या मध्ये एक विचार उभा असतो: ‘आता मोडलंच आहे, तर मोडू दे’. नेम जितका कडक आणि लाज जितकी मोठी, तितका हा विचार बळकट. माळेची सगळी ताकद चारचौघांसमोर दिलेल्या शब्दात आहे, आणि तोच शब्द मोडला की तीच ताकद उलटी फिरते. लग्नात एक पेग घेतलेला माणूस घरी येऊन माळ खुंटीला अडकवतो, दुसऱ्या दिवशी हरिपाठाला जात नाही, कारण कुठल्या तोंडानं जायचं. ज्या दिवशी त्याला टाळकऱ्यांची सर्वांत जास्त गरज असते त्याच दिवशी तो त्यांच्यापासून लपतो. ए.ए.नं यावर साधा तोडगा काढला: घसरलेला माणूस परत आला की सभेत टाळ्या पडतात, दिवस पुन्हा एकपासून मोजतात आणि पुढे जातात. हिशेब ‘फक्त आजच्या’ दिवसाचा. वारकऱ्यांना हे बाहेरून आणायची गरज नाही. आषाढीला पंढरपूर गाठलेले लोक पंधरा दिवसांनी, वद्य एकादशीला, नरसीला येतात. तिला परतवारी म्हणतात आणि त्या दिवशी कयाधूकाठी माणसांचा पूर लोटतो. पंढरपूरला जाऊन आलं की वारी संपली असं इथं मानत नाहीत, परत येणं हाही वारीचाच भाग आहे. खुंटीला माळ अडकवून घरात बसलेल्याकडे त्या आठवड्यात विणेकऱ्यानं जावं, आत बसून चहा प्यावा, काय झालं ते विचारू नये, आणि सांजेला टाळ कमी पडतोय म्हणून सांगावं.